आईच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, पण मागे हूंऽऽ असा आवाज येतोय आणि आईचा आवाजही तिचा वाटत नाहीये. मदत करा

माणदेशी_पोरगा | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. माझी आई ७४ वर्षांची, गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, काही तिच्या आईकडून आलेल्या आणि काही सासूकडून, आणि आमच्या गावात एवढ्या ओव्या येणारं आता दुसरं कोणी राहिलेलं नाही. मी पुण्यात नोकरीला. खूप दिवस मनात होतं की मोबाईलवर नको, नीट रेकॉर्ड करायचं, म्हणून कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा), एक्सएलआर केबल आणि स्टँड घेतला आणि गेल्या रविवारी पडवीत जातं मांडून आईला बसवलं. लॅपटॉप विंडोजचा, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, ड्रायव्हर इंटरफेसबरोबर आलेला एएसआयओ. चहापाण्याला थांबत थांबत जवळजवळ तीन तास म्हणाली ती.

पुण्यात येऊन ऐकलं तर दोन गोष्टी. एक म्हणजे मागे सतत हूंऽऽ असा आवाज आहे, जात्याची घरघर वेगळी आणि हा वेगळा, जातं थांबलं तरी हा चालूच. दुसरी जास्त जिवाला लागलेली, आईचा आवाज जाड आणि थकल्यासारखा येतोय. ताईला पाठवलं तर ती म्हणाली आईला बरं नाही का रे. रेकॉर्ड करताना मी हेडफोनवर ऐकत होतो तेव्हा आवाज अगदी तिचा होता, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू होतं.

केबल बदलून बघितली, इनपुट दोनला लावून बघितलं, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण चालूच होतं. आवाज एकाच कानात येत होता ते मात्र सुटलं, ट्रॅकचा इनपुट स्टिरिओ ठेवला होता तो मोनो केला. परत रेकॉर्ड करा असं कृपया लगेच सांगू नका, तिचा घसा त्या दिवसापासून बसलाय आणि तीन तास ती परत म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

निनाद_डोंबिवली | शनिवार, रात्री ११:१५

आधी हे सांगा की गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) किती होता आणि रीपरमधे पीक, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, कुठवर जात होते. कमी गेनवर रेकॉर्ड करून नंतर आवाज वाढवला की मागचा सगळा कचरा पण वर येतो. आणि बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती मोठ्या तुकड्याने घेतला जातो, तो किती आहे? ६४ वगैरे असेल तर २५६ करून बघा.

माणदेशी_पोरगा | शनिवार, रात्री ११:३१

पीक उणे १४, कधी उणे १२ पर्यंत जात होते, २४ बिट. बफर २५६च आहे. टकटक, चटचट असं काही येत नाहीये, सलग हूं आहे.

निनाद_डोंबिवली | शनिवार, रात्री ११:४०

मग लेव्हल एकदम बरोबर आहे तुमची आणि बफरचा पण संबंध नाही, बफरचा त्रास असता तर आवाज तुटला असता. मी बाजूला होतो, वायरिंगमधलं कळणारं कोणीतरी येऊ दे.

जोडारी_काका | रविवार, सकाळी ७:०५

लॅपटॉप चार्जरवर होता का बॅटरीवर? चार्जर कुठे लावला होता? आणि इंटरफेसच्या पत्र्याला हात लावला की आवाज कमीजास्त होत होता का, आठवून सांग.

माणदेशी_पोरगा | रविवार, सकाळी ८:२०

चार्जरवरच होता काका, तीन तास बॅटरी टिकत नाही. पडवीत प्लग नाही म्हणून माजघरातनं एक्स्टेन्शन बोर्ड ओढला होता. आणि हो!! हात लावला की कमी होत होता, मला वाटलं मलाच भास होतोय. लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या पण येत होत्या बारीक.

जोडारी_काका | रविवार, सकाळी ८:५५

मग आवाजाचं निम्मं निदान इथेच झालं. माइक, इंटरफेस सगळं चांगलं आहे, काही बदलू नकोस. तुझ्याकडे अर्थिंग मिळत नाहीये.

चार्जरच्या आत बारीक कपॅसिटर असतात, ते चार्जरची खरखर अर्थिंगकडे सोडून देतात. अर्थिंग असेल तर ती निघून जाते. अर्थिंग नसेल तर जाणार कुठे, लॅपटॉपच्या पत्र्यावरच राहते, पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजला लटकत राहतो म्हणजे २३०च्या निम्मा, करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. यूएसबीच्या वायरीतून तेच इंटरफेसमधे आणि तिथून रेकॉर्डिंगमधे. तू हात लावलास की तुझ्या अंगातनं थोडी वाट मिळते म्हणून आवाज कमी.

तो बोर्ड उघडून बघ, माझा अंदाज आत दोनच वायरी असणार. तीन भोकाचा सॉकेट बसवतात पण वायर दोन कोरची, तिसरं भोक नुसतं शोभेला. आज एवढं कर, तुझ्या पुण्याच्या घरी हेच सगळं जसंच्या तसं लाव आणि चार्जर लावून दोन मिनिटं रिकामं रेकॉर्ड कर.

सुपरबीट_९० | रविवार, सकाळी ९:४०

सोप्पा उपाय, चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका किंवा टू पिनचा कन्व्हर्टर लावा, हम (हाच हूं) लगेच जातो. आमच्या ऑर्केस्ट्रात सगळे हेच करतात.

जोडारी_काका | रविवार, सकाळी ९:५२

हे अजिबात करायचं नाही आणि कोणाला सांगायचंही नाही. दोन उपकरणं वेगवेगळ्या अर्थिंगला लागली की लूप तयार होऊन हम येतो, तिथे पिन काढली की हम जातो हे खरं आहे, म्हणून ही सवय पसरलीय. पण एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरमधे फेज पत्र्याला टेकला तर गाणाऱ्याचा ओठ माइकच्या जाळीला असतो. आणि इथे तर अर्थिंग आधीच नाहीये, अजून काय काढणार. समोर ७४ वर्षांची बाई बसलीय.

माणदेशी_पोरगा | रविवार, दुपारी १२:१०

काका, पुण्यात सगळं तसंच लावलं, चार्जर चालू ठेवून, आणि एकदम शांत!! फक्त पंख्याचा आवाज. गावात भावाला फोन केला, त्याने बोर्ड उघडला, दोनच वायरी आहेत. तुम्ही म्हणालात तसंच.

म्हणजे पुढच्या वेळचं कळलं. पण झालेल्या रेकॉर्डिंगचं काय करू, आणि आवाज जाड का येतोय? अर्थिंगने आवाज जाड होतो का? ३० सेकंदांचा तुकडा खाली जोडलाय, पहिले १० सेकंद नुसता हूं, मग आई.

पेटीवाला_मिरज | रविवार, दुपारी ४:३०

तुकडा ऐकला. आईंचं म्हणणं किती गोड आहे हो, दुसऱ्या चरणाला त्या जो हेलकावा देतात तो जात्याच्या फेऱ्याबरोबर बरोब्बर पडतोय.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, मी पेटी दुरुस्त करतो, पण कानाला एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. आमच्याकडे इथे ट्यूबलाइटचा चोक, जुने स्टॅबिलायझर, सगळे एकाच पट्टीत गुणगुणतात, पांढरी पाचपेक्षा जरा चढे. इतकी वर्षं ऐकतोय, पेट्या लावताना त्रास होतो म्हणून चांगलं लक्षात आहे. तुमच्या तुकड्यातला हूं त्या पट्टीत नाही. पेटी घेऊन बसलो, तो एक पट्टी खाली, काळी तीनला लागतोय, किंचित उतरा. माण तालुक्यात वीज वेगळी येते का?

जोडारी_काका | रविवार, सायं ५:०२

वीज सगळीकडे ५० हर्ट्झच, ग्रिड एकच आहे. इकडेतिकडे झालं तर पॉइंटात होतं, पट्टी बदलण्याइतकं कधीच नाही. पेटीवाले, परत एकदा बघता का.

पेटीवाला_मिरज | रविवार, सायं ५:२०

तीनदा बघितलं. काळी तीन.

अनुजा_ध्वनी | रविवार, रात्री ८:४५

पेटीवाले काका, तुमच्या कानांना नमस्कार!! तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि त्यातच उत्तर आहे.

मी ऑडिओबुकच्या स्टुडिओत एडिटिंग करते. तुकडा स्पेक्ट्रममधे टाकून बघितला, त्यात आवाजातली प्रत्येक पट्टी रेघेसारखी दिसते. हमची सगळ्यात खालची रेघ ५० हर्ट्झवर पाहिजे, ती ४६च्या जरा खाली आहे. तिच्यावरची १००ला हवी ती ९२च्या आसपास, त्याच्यावरची १५० ऐवजी १३८. म्हणजे सगळंच्या सगळं एकाच प्रमाणात खाली सरकलंय. वीज तर खाली सरकत नाही, मग रेकॉर्डिंगच हळू वाजतंय. आता ४८००० भागिले ४४१०० करा, १.०८८४ येतं. आणि ५० भागिले १.०८८४ म्हणजे ४५.९. बरोब्बर बसलं.

झालंय असं की इंटरफेस सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने (सॅम्पल) पाठवत होता आणि रीपर ते ४४१०० समजून लिहीत होतं. फाइलवर ४४१०० चा शिक्का आहे पण आत माल ४८००० चा आहे. त्यामुळे वाजवताना प्रत्येक सेकंद लांबतो, आवाज साधारण दीड सेमीटोन, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने खाली येतो, काळी चारचा माणूस काळी तीनच्या जवळ गातो. म्हणून आई जाड आणि थकलेल्या वाटतायत. त्यांना काही झालेलं नाहीये. हेडफोनवर बरोबर ऐकू येत होतं कारण डायरेक्ट मॉनिटरचा आवाज इंटरफेसमधूनच कानात येतो, कॉम्प्युटरच्या वाटेला जातच नाही.

खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंगमधे असं काहीतरी शोधा ज्याची गती तुम्हाला पक्की माहीत आहे.

माणदेशी_पोरगा | रविवार, रात्री ९:३८

माजघरात भिंतीवरचं घड्याळ आहे!!! पहाटे जातं थांबल्यावर ऐकू येतं तसं रेकॉर्डिंगमधे पण आईने पाणी पिताना मधे थांबली तिथे टिकटिक येतेय. सलग मिनिटभराची जागा सापडली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. ६० टिका ६५ सेकंदांत.

अनुजाताई काय बोलू. इंटरफेसचं कंट्रोल पॅनल उघडलं तर ४८०००, रीपरच्या वरच्या कोपऱ्यात ४४.१. ताईला आधी फोन करून सांगितलं की आई ठीक आहे.

आता मी पिच दीड सेमीटोन वर करू का?

सुपरबीट_९० | रविवार, रात्री ९:५०

हो, पिच शिफ्ट प्लगइन लावा, १.४७ सेमीटोन वर.

अनुजा_ध्वनी | रविवार, रात्री १०:०५

नको नको, पिच शिफ्ट नको. त्याने सूर वर जाईल पण गती हळूच राहील, आणि प्लगइन आवाज कापून जोडून सूर बदलतं त्यामुळे आवाजाला धातूसारखी चमक येते, जात्याच्या घरघरीवर तर फारच. इथे काही दुरुस्त करायचं नाहीये, नुसतं बरोबर गतीने वाजवायचंय, टेप हळू फिरत होती ती नीट फिरवायची एवढंच. आवाज जसाच्या तसा आत आहे, एक कण गेलेला नाही.

आधी मूळ फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसरीकडे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. मग रीपरमधे नवा प्रोजेक्ट, प्रोजेक्ट सेटिंगमधे सॅम्पल रेट ४८०००. फाइल आत ओढा, तिच्यावर क्लिक करून एफ२ दाबा, प्लेबॅक रेटच्या चौकटीत १.०८८४३५ टाका आणि गती बदलताना पिच राखायची जी खूण असते ती काढून टाका. ही खूण राहिली तर सूर बदलणारच नाही आणि तुम्हाला वाटेल काही झालंच नाही. मग परत ६० टिका मोजा.

आणि एक महत्त्वाचं, सगळ्या फाइल्सना डोळे झाकून हे लावू नका. प्रत्येक फाइलमधे हम कुठे आहे ते बघा. ४६ला असेल तर गती वाढवायची, ५०ला असेल तर ती फाइल बरोबर आहे. तुमच्या बाबतीत हा हमच मोजपट्टी झालाय.

माणदेशी_पोरगा | सोमवार, रात्री ११:१८

झालं. आई परत आईसारखी वाटतेय. मी ऑफिसातून आल्यावर बसलो, पहिली ओवी लागली आणि बराच वेळ पुढे काही केलंच नाही, नुसतं ऐकत बसलो.

तुमचा सल्ला ऐकला म्हणून वाचलो नाहीतर घोटाळा झाला असता. एकूण सात फाइल्स, त्यातली पहिली २० मिनिटांची फाइल ५०लाच आहे, म्हणजे बरोबर आहे, बाकी सहा ४६ला. मग आठवलं, पहिली झाल्यावर चहाला थांबलो तेव्हा त्याच लॅपटॉपवरून ताईला ब्राउझरमधे व्हिडिओ कॉल लावला होता, जातं दाखवायला. त्यानंतरच बदललंय.

अनुजा_ध्वनी | मंगळवार, सकाळी ९:१०

अगदी तसंच होतं. कॉलने इंटरफेस ४८०००वर नेला असणार आणि रीपरमधे सॅम्पल रेटचा आग्रह धरायची खूण केलेली नसेल. ऑडिओ डिव्हाइसच्या सेटिंगमधे ती आहे, तिथे खूण करून ४८००० टाका, विंडोजच्या साउंड सेटिंगमधे पण इंटरफेसला ४८०००च ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी ब्राउझर बंद. प्रत्येक ब्रेकनंतर वरचा कोपरा आणि कंट्रोल पॅनल दोन्हीकडे आकडा बघायचा. आमच्याकडे सुरुवातीला एक मिनिट घड्याळ बघून बोलतात आणि लगेच वाजवून मोजतात.

निनाद_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ११:२५

आता राहिलेला हम नॉइज रिडक्शनने घालवा, रिकाम्या जागेचा नमुना द्यायचा आणि सगळीकडे लावायचं, पाच मिनिटांचं काम.

अनुजा_ध्वनी | मंगळवार, दुपारी १:४०

इथे मी जरा अडवते निनाद. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ते चालतं. पण जात्याची घरघर आणि हम दोन्ही खालच्या पट्टीतच आहेत, नॉइज रिडक्शनला जातं म्हणजे पण नॉइजच वाटतं, ते जातं खाऊन टाकेल आणि जे उरेल ते पाण्याखालून आल्यासारखं बुडबुड करेल. ओवी जात्यापासून वेगळी काढली तर काय राहिलं, लय तिथूनच येते. त्यापेक्षा इक्यूमधे (पट्टीनुसार आवाज कमीजास्त करायचं साधन) अगदी अरुंद नॉच, म्हणजे खाच, लावा, ५०, १००, १५०, फारतर २०० आणि २५०ला, जेवढी रेघ तेवढीच कापायची. हे गती बरोबर केल्यानंतरच, नाहीतर ५०ला कापाल आणि हम ४६ला तसाच राहील. थोडा हम राहिला तर राहू दे, चांगलं हत्यार पुढेमागे आणखी येईल, मूळ फाइल तुमच्याकडे आहेच.

अजून एक विनंती. प्रत्येक फाइलबरोबर आईंचं नाव, गाव, माहेर, ओवी कोणाकडून आली, दळताना काय दळत होत्या ते लिहून ठेवा. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सुरू केलेलं काम, तिथे प्रत्येक ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव आहे, ते वाचताना कळतं की त्याने किती फरक पडतो.

पेटीवाला_मिरज | मंगळवार, रात्री ८:००

दुरुस्त केलेला तुकडा पाठवाल का? आता पट्टी बघायचीय.

माणदेशी_पोरगा | मंगळवार, रात्री १०:३०

जोडलाय काका. नॉच लावलेत, हम जवळजवळ गेलाय, जातं पूर्ण आहे.

पेटीवाला_मिरज | बुधवार, सकाळी ६:४५

काळी चार. स्वच्छ. कुठेही उतरत नाहीत, तीन तासांनंतरचा तुकडा असेल तरी खरं वाटणार नाही.

माणदेशी_पोरगा | पुढचा सोमवार, रात्री ९:१५

शनिवार रविवार गावी जाऊन आलो म्हणून उशीर. भावाने वायरमन बोलावला होता. जोडारी काका, बोर्ड तर दोन वायरींचा होताच पण माजघरातल्या प्लगला पण अर्थिंग नव्हतं. त्याने फेज आणि अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावला तर पेटलाच नाही. शोधलं तर दोन वर्षांपूर्वी अंगणात फरशी बसवली तेव्हा अर्थिंगची तार तुटून तशीच आत दबली होती. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं दोन वर्षं अर्थिंगशिवाय चाललंय, आई ओल्या हाताने मोटर लावते, हे कळल्यावर हम राहिला बाजूला, माझ्या पोटात गोळाच आला. परसात नवा खड्डा घेतला, कोळसा मीठ घालून, तीन कोरची वायर टाकली. तो म्हणाला उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

जोडारी_काका | सोमवार, रात्री ९:४०

हे फार बरं झालं. आता मीटरजवळ ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पण बसवून घे, राहिला असेल तर याच महिन्यात. दर महिन्याला त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघायला भावाला सांग.

माणदेशी_पोरगा | सोमवार, रात्री १०:२०

सांगितलं त्याला, गुरुवारी बसवतोय.

आणि आईला ऐकवलं. हेडफोन नको म्हणाली, स्पीकरवर लावलं, शेजारच्या दोघी पण येऊन बसल्या. पहिल्यांदा काही बोलली नाही, मग हळूहळू ओठ हलायला लागले. चौथ्या फाइलला मला थांबवलं आणि म्हणाली इथं भावाच्या दोन ओव्या राहिल्या, मी पाणी प्यायला उठले आणि विसरले, त्या घे परत. घसा आता बरा आहे तिचा. पुढच्या रविवारी सकाळी तेवढ्याच घेणार आहोत. मागच्या वेळी स्टँड फरशीवर होता आणि जातं फिरताना धडधड त्यातून वर येत होती, म्हणून आता खाली वाकळ घडी करून ठेवणार, माइक दीड हातावर तोंडाच्या जरा बाजूला, कारण ती ओढताना पुढेमागे डुलते. लॅपटॉप बॅटरीवर, सगळीकडे ४८०००, ब्राउझर बंद. अजून काही राहिलं असेल तर शनिवारपर्यंत सांगा.

अनुजा_ध्वनी | सोमवार, रात्री १०:५५

घड्याळ भिंतीवरच राहू द्या.